डेबियनवर लॅपटॉपचं वायफाय चालू करताना: कार्डाचा नंबर वाचण्यापासून कार्ड बदलण्यापर्यंत

जुन्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्सची मुक्त प्रणाली चढवली, पडदा, कीबोर्ड, आवाज सगळं पहिल्या फटक्यात चाललं, आणि वायफायचं चिन्ह मात्र कुठेच दिसत नाही. मुक्त प्रणालीकडे वळणाऱ्यांना सगळ्यात जास्त अडवणारी जागा हीच. मग सापडेल ती कमांड चिकटवण्याचा सपाटा सुरू होतो. तासाभरात यंत्रात तीन वेगवेगळे ड्रायव्हर जमतात, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मूळ दोष काय होता हेच कळेनासं होतं.

वायफाय पाच ठिकाणी अडू शकतं. कार्ड यंत्राला दिसत नाही. दिसतं पण त्याला ड्रायव्हर, म्हणजे प्रणालीतर्फे कार्ड चालवणारा प्रोग्राम, नाही. ड्रायव्हर आहे पण फर्मवेअर नाही. सगळं आहे पण रेडिओ बंद करून ठेवलेला आहे. आणि रेडिओ चालू आहे पण जोडणी सांभाळणारा प्रोग्राम कार्डाला हात लावत नाही. तपासणी याच क्रमाने करायची. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढायची नाही. ब्रॉडकॉमच्या चिप सर्वांत जास्त त्रास देतात, म्हणून त्यांच्यावर इथे जास्त वेळ घालवला आहे.

पायऱ्या डेबियन १२ धरून लिहिल्या आहेत. उबुंटू आणि मिंट या डेबियनवर बेतलेल्या प्रणालींमध्ये पॅकेजांची काही नावं वेगळी असली तरी तपासणीचा क्रम हाच.

कमांड कशा वाचायच्या

कमांड इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाइप करताना रोमन अक्षरं आणि रोमन आकडेच वापरायचे. जिथे अक्षरांची नावं आहेत, जसं एलएसपीसीआय, तिथे तीच अक्षरं सलग टाइप करा. जिथे नेहमीचा शब्द आहे, जसं इन्स्टॉल किंवा लिस्ट, तिथे त्याचं नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग. रेघ, तिरपी रेघ, उभी रेघ, खालची रेघ, बिंदू आणि मोकळी जागा दिसतात तशाच ठेवा. वेगळं सांगितलं नसेल तर सगळं लहान लिपीत. काही शब्द तोडलेले आहेत, त्यांची अक्षरं अशी: सुडो एस यू डी ओ, ग्रेप जी आर ई पी, मोडप्रोब एम ओ डी पी आर ओ बी ई, युनेम यू एन ए एम ई, कॉन्फ सी ओ एन एफ, कॉन्ट्रिब सी ओ एन टी आर आय बी, रँड आर ए एन डी, सेल एस ई एल, रेग आर ई जी.

सुडो म्हणजे ती कमांड सर्वाधिकार असलेल्या रूट या खात्याच्या हक्काने चालवणं. डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड दिला असेल तर तुमच्या खात्याला सुडो वापरता येत नाही. तेव्हा "एसयू -" असं लिहून रूट व्हा आणि पुढच्या कमांडमधला सुडो गाळा. शेवटची आडवी रेघ विसरू नका. नुसतं एसयू लिहिलं तर एसबिन फोल्डर शोधयादीत येत नाही, आणि मोडप्रोबसारखी कमांड यंत्रात असूनही "कमांड नॉट फाउंड" असं उत्तर येतं. ती बसवलेलीच नाही असं समजून लोक भलतीकडे शोधत बसतात.

आधी उसनं इंटरनेट

वायफाय चालवायला पॅकेज उतरवायची आणि पॅकेज उतरवायला इंटरनेट हवं. लॅपटॉपला लॅनचं भोक असेल तर राऊटरपासून केबल ओढा. बहुतेक लॅन चिप काहीही न बसवता चालतात. भोक नसेल तर अँड्रॉइड फोन पुरेसा आहे. फोन यूएसबी केबलने जोडा आणि सेटिंगमधल्या हॉटस्पॉटच्या पानावर जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, याचा ड्रायव्हर आधीपासून असतो, त्यामुळे काही सेकंदांत तारेची जोडणी झाल्यासारखं दिसतं. फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच वायफाय तारेतून लॅपटॉपला मिळतं, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही.

टेदरिंगचं बटण दाबता येत नसेल तर बहुधा केबलचा दोष असतो. चार्जरबरोबर येणाऱ्या काही स्वस्त केबलमध्ये फक्त विजेच्या दोन तारा असतात, माहितीच्या नसतात. अशा केबलने फोन चार्ज होत राहतो पण लॅपटॉपला तो दिसतच नाही. दुसरी केबल लावून पाहा. आयफोन असेल तर यूएसबीमक्सडी हे पॅकेज आधी लागतं, म्हणून पहिल्या वेळी अँड्रॉइड सोयीचा.

इंटरनेट आल्यावर आधी प्रणाली अद्ययावत करून एकदा रीबूट करा:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी फुल-अपग्रेड

ही पायरी टाळू नका. नवा कर्नल उतरला पण यंत्र जुन्याच कर्नलवर चालू आहे, अशा अवस्थेत ड्रायव्हर बांधायला घेतला तर तो चुकीच्या कर्नलसाठी बांधला जातो.

कार्डाचा नंबर

लॅपटॉपच्या मॉडेलवरून ड्रायव्हर शोधू नका. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं निघतात, कारण उत्पादनाच्या वेळी जे उपलब्ध असेल ते बसवलं जातं. खरी ओळख कार्डाच्या नंबरात असते:

एलएसपीसीआय -एनएनके

यादी लांब येते. तिच्यात "नेटवर्क कंट्रोलर" असा शब्द असलेली नोंद शोधा. "इथरनेट कंट्रोलर" म्हणजे लॅन, ती सोडा. ब्रॉडकॉमच्या एका नेहमीच्या कार्डाची नोंद अशी दिसते:

०३:००.० नेटवर्क कंट्रोलर [०२८०]: ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२ ८०२.११बी/जी/एन [१४ई४:४३६५] (रेव ०१)
कर्नल ड्रायव्हर इन यूज: बीसीएमए-पीसीआय-ब्रिज
कर्नल मॉड्यूल्स: बीसीएमए

शेवटच्या चौकटी कंसातली जोडी, १४ई४:४३६५, ही कार्डाची ओळख. कोलनच्या आधीचा भाग कंपनी सांगतो, नंतरचा नेमकी चिप. कंपन्यांचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १६८सी म्हणजे अ‍ॅथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. ही जोडी कागदावर लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर अवलंबून आहे.

वरच्या नोंदीतली दुसरी ओळ फसवी आहे. "ड्रायव्हर इन यूज" वाचून वाटतं की ड्रायव्हर लागला, आता दोष दुसरीकडे असणार. प्रत्यक्षात बीसीएमए हा फक्त ब्रॉडकॉम चिपच्या आतल्या बसशी बोलणारा दुवा आहे. रेडिओ चालवणारा ड्रायव्हर त्याच्यावर बसायला हवा, आणि ४३६५ या चिपसाठी कर्नलमध्ये तसा ड्रायव्हरच नाही. म्हणून ओळीत ड्रायव्हर दिसतो पण वायफाय येत नाही.

यादीत नेटवर्क कंट्रोलर मुळीच नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, वायरलेस बंद केलेलं आहे का पाहा. तिथे चालू असेल तर कार्ड खाचेत नीट बसलेलं नाही किंवा मेलेलं आहे. बाहेरून लावलेलं छोटं यूएसबी वायफाय या यादीत येणार नाही. त्याचा नंबर एलएसयूएसबी या कमांडने मिळतो.

फर्मवेअर

ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो. फर्मवेअर हा कार्डाच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम, आणि कार्ड चालू होताना ड्रायव्हर तो डिस्कवरून उचलून कार्डात भरतो. फाइल जागेवर नसेल तर ड्रायव्हर तिथेच थांबतो. हे तपासायला:

सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय फर्मवेअर

"फेल्ड विथ एरर -२" असं दिसलं तर अर्थ एवढाच की ती फाइल सापडली नाही. कार्ड खराब आहे असा अर्थ नाही. मात्र इंटेलच्या कार्डात ही ओळ दिसली म्हणून लगेच घाबरू नका. इंटेलचा ड्रायव्हर फर्मवेअरच्या सर्वांत नव्या आवृत्तीपासून सुरुवात करून एकेक आकडा खाली उतरतो, आणि न सापडलेल्या प्रत्येक आकड्यामागे उणे दोनची एक ओळ छापतो. त्याच्याखाली "लोडेड फर्मवेअर व्हर्जन" अशी ओळ आली असेल तर काम झालेलं आहे. आयडब्ल्यूएल-डीबग-योयो नावाच्या फाइलची तक्रारही निरुपद्रवी. ती फाइल फक्त दोषशोधनासाठी असते.

डेबियनने मालकी हक्काचं, म्हणजे कोड खुला नसलेलं, फर्मवेअर बरीच वर्षं बाजूला ठेवलं होतं, त्यामुळे इन्स्टॉल करतानाच वायफाय नसायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान घेऊन हे बदललं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर येतं, आणि त्यासाठी नॉन-फ्री-फर्मवेअर हा वेगळा विभाग आहे. त्यामुळे नव्याने बसवलेल्या यंत्रात इंटेल आणि रियलटेक बहुधा आपोआप चालतात. अडतं ते डेबियन ११ वरून १२ वर चढवलेल्या यंत्रात, कारण जुन्या यादीत हा विभाग नसतो. ती फाइल उघडा:

सुडो नॅनो /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट

"डेब"ने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीच्या शेवटी हे चार शब्द आहेत ना पाहा, नसतील ते भरा: मेन कॉन्ट्रिब नॉन-फ्री नॉन-फ्री-फर्मवेअर. इंटेल किंवा रियलटेकला पहिला आणि शेवटचा शब्द पुरतो. मधले दोन ब्रॉडकॉमसाठी लागतात. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स असं करून फाइल जतन करून बाहेर या, एपीटी अपडेट चालवा आणि आपल्या कंपनीचं पॅकेज बसवा. इंटेलसाठी फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, रियलटेकसाठी फर्मवेअर-रियलटेक, अ‍ॅथेरॉससाठी फर्मवेअर-अ‍ॅथेरॉस. उदाहरणार्थ:

सुडो एपीटी इन्स्टॉल फर्मवेअर-रियलटेक

त्यानंतर लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. दोन प्रणाली शेजारी ठेवल्या असतील तर इथे एक मेख आहे. विंडोजमधली फास्ट स्टार्टअप ही सोय यंत्र खरंखुरं बंद करत नाही, कार्ड अर्धवट अवस्थेत सोडून देते, आणि लिनक्समध्ये आल्यावर तेच कार्ड फर्मवेअर घ्यायला नकार देतं. विंडोजमधून बाहेर पडताना शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, किंवा ती सोय कायमची बंद करा.

अ‍ॅथेरॉसची एटीएच९के ड्रायव्हरवर चालणारी पीसीआय कार्डं या सगळ्यातून सुटलेली आहेत. त्यांना बाहेरून फर्मवेअर भरावंच लागत नाही आणि ड्रायव्हर पूर्ण मुक्त आहे. यंत्रात मालकी हक्काची एकही फाइल नको असा ज्यांचा आग्रह आहे, ते जुनी एआर९२८५ किंवा एआर९४६२ सारखी कार्डं शोधून लावतात ते यासाठी.

ब्रॉडकॉम: इथे घाई नको

१४ई४ दिसलं की नंबराचा दुसरा भाग पाहून रस्ता निवडायचा. इथे तीन रस्ते दिले आहेत, आणि एका कार्डाला एका वेळी एकच चालतो.

पहिला रस्ता बी४३ चा. ४३१५ (बीसीएम४३१२) आणि ४३३१ (जुन्या मॅकबुकमध्ये भेटणारी चिप) यांना तो चालतो. या ड्रायव्हरमागे मोठं कष्टाचं काम आहे. कंपनीने माहिती दिली नव्हती, म्हणून एका गटाने मूळ ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचं वर्णन लिहिलं, आणि दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हर न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा लिहिला. जानेवारी २००८ मधल्या २.६.२४ या कर्नलपासून बी४३ मुख्य प्रवाहात आहे. फर्मवेअर मात्र डेबियनला वाटता येत नाही. म्हणून फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर हे पॅकेज बसताना इंटरनेटवरून मूळ फाइल आणतं आणि तिच्यातून फर्मवेअर कापून काढतं. त्या क्षणी इंटरनेट तुटलं तर पॅकेज "बसलं" असं दिसतं पण फर्मवेअर नसतं. टेदरिंग पक्कं आहे याची खात्री करून पुन्हा बसवा:

सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर

दुसरा रस्ता बीआरसीएमएसमॅकचा. ब्रॉडकॉमने २०१० मध्ये स्वतःच मुक्त ड्रायव्हर दिला, त्याचं हे रूप. ४७२७ (बीसीएम४३१३) आणि ४३५३ (बीसीएम४३२२४) त्यावर चालतात. फर्मवेअर-बीआरसीएम८०२११ हे पॅकेज बसवलं की पुरे.

तिसरा रस्ता डब्ल्यूएलचा. ४३६५ (बीसीएम४३१४२), ४३ए० (बीसीएम४३६०) आणि ४३बी१ (बीसीएम४३५२) यांना दुसरा पर्याय नाही. हा ड्रायव्हर मालकी हक्काचा आहे. त्याची ६.३०.२२३.२७१ ही आवृत्ती २०१५ मधली, आणि तीच आजही वापरात आहे. नव्या कर्नलवर तो चालावा म्हणून डेबियनचे लोक त्याला ठिगळं लावत आले आहेत. पुढच्या अनेक अडचणींचं मूळ यातच आहे. बसवायचा तो असा:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस

हेडर्स म्हणजे कर्नलसाठी ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली, आणि डीकेएमएस म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो पुन्हा बांधणारं साधन. हेडर्सचं पॅकेज आकडा नसलेलंच घ्या. चालू कर्नलचा आकडा लावलेलं घेतलं तर आज काम होतं, पण पुढच्या कर्नलबरोबर नवे हेडर्स येत नाहीत, डीकेएमएसला ड्रायव्हर बांधता येत नाही आणि एका साध्या अपडेटनंतर वायफाय जातं. "काल चालत होतं, आज नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

आता आडवे येणारे ड्रायव्हर उतरवा आणि नवा चढवा:

सुडो मोडप्रोब -आर बी४४ बी४३ बी४३लेगसी एसएसबी बीआरसीएमएसमॅक बीसीएमए
सुडो मोडप्रोब डब्ल्यूएल

पहिल्या कमांडने एखादा ड्रायव्हर सापडला नाही किंवा वापरात आहे असं सांगितलं तर सरळ रीबूट करा. पॅकेजनेच त्या सगळ्यांना काळ्या यादीत टाकलेलं असतं, त्यामुळे पुढच्या वेळी ते चढत नाहीत.

वायफाय आलं नाही तर डीकेएमएस काय म्हणतो ते पाहा:

सुडो डीकेएमएस स्टेटस

ओळीच्या शेवटी "इन्स्टॉल्ड" असेल तर ड्रायव्हर बांधला गेला. नुसतं "अ‍ॅडेड" असेल तर हेडर्स नाहीत, किंवा ते वेगळ्या कर्नलचे आहेत. युनेम -आर या कमांडने चालू कर्नलचा आकडा काढून जुळवून पाहा.

"इन्स्टॉल्ड" असूनही मोडप्रोबने "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" असं उत्तर दिलं तर अडथळा सिक्युअर बूटचा, म्हणजे ओळखीची सही नसलेला कोड चालू न देणाऱ्या सोयीचा आहे. तुमच्या यंत्रात बांधलेल्या ड्रायव्हरवरची सही कर्नलला ओळखीची नाही. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हा झटपट उपाय. ते चालू ठेवायचं असेल तर डीकेएमएसने तयार केलेली चावी नोंदवा:

सुडो एमओकेयुटिल --इम्पोर्ट /व्हीएआर/लिब/डीकेएमएस/एमओके.पब

एक पासवर्ड मागितला जाईल. तो एकदाच लागणार आहे, सोपा ठेवा. रीबूट केल्यावर निळा पडदा येतो. त्यावर "एनरोल एमओके" निवडा, पुढे जा, तोच पासवर्ड द्या. हा पडदा थोडा वेळच थांबतो. तेवढ्यात कुठलंही बटण दाबलं नाही तर यंत्र नेहमीसारखं सुरू होतं आणि चावी नोंदवायची राहून जाते. रीबूट केल्यावर पडद्यासमोरून हलू नका.

डब्ल्यूएलच्या मर्यादाही माहीत असू द्या. डब्ल्यूपीए३ सुरक्षेवर तो जोडला जात नाही, तेव्हा राऊटरवर डब्ल्यूपीए२ ठेवा. ४३६५ ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. घरच्या राऊटरची ५ गिगाहर्ट्झची जोडणी तिला दिसणारच नाही, त्यात ड्रायव्हरचा दोष नाही. नेटवर्कची नावं दिसतात पण जोडणी होत नाही असं झालं, तर जोडणी सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर शोध घेताना कार्डाचा पत्ता बदलत राहतो हे कारण असू शकतं. /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये डब्ल्यूएल.कॉन्फ नावाची फाइल करून तिच्यात या दोन ओळी लिहा. फोल्डरच्या नावात नेटवर्कचं पहिलं आणि मॅनेजरचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत असतं, बाकी सगळं लहान:

[डिव्हाइस]
वायफाय.स्कॅन-रँड-मॅक-अ‍ॅड्रेस=नो

मिंट वापरणाऱ्यांसाठी सोपी वाट आहे. तिथल्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये ब्रॉडकॉमचं पॅकेज यादीतच दिसतं, आणि इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावून ते इंटरनेटशिवायही बसवता येतं.

रेडिओ बंद आहे का

सुडो आरएफकिल लिस्ट

सॉफ्ट ब्लॉक्ड समोर "येस" असेल तर "सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल" एवढं पुरतं. हार्ड ब्लॉक्ड समोर "येस" असेल तर कमांडने काही होत नाही. लॅपटॉपच्या कडेला सरकतं बटण आहे का पाहा, नाहीतर एफएन बरोबर विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेली किल्ली दाबा. काही लेनोवो आयडियापॅडमध्ये असं बटण नसतानाही आयडियापॅड_लॅपटॉप हे मॉड्यूल हार्ड ब्लॉक दाखवतं. "सुडो मोडप्रोब -आर आयडियापॅड_लॅपटॉप" करून पाहा. वायफाय आलं तर /ईटीसी/मोडप्रोब.डी मध्ये आयडियापॅड.कॉन्फ फाइल करून "ब्लॅकलिस्ट आयडियापॅड_लॅपटॉप" ही ओळ लिहा. बदल्यात काही एफएन किल्ल्या काम करेनाशा होतात, याची तयारी ठेवा.

सगळं चालू, तरी जोडणी नाही

"एनएमसीएलआय डिव्हाइस" या कमांडने वायफायच्या नावासमोर "अनमॅनेज्ड" दाखवलं तर कारण बहुतेक ठरलेलं असतं. डेबियन बसवताना वायफाय वापरलं असेल तर इन्स्टॉलर कधी कधी ती जोडणी /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलमध्ये लिहून ठेवतो, आणि तिथे नाव दिसलं की नेटवर्कमॅनेजर त्या कार्डाला हात लावत नाही. फाइल उघडा, "एलओ"च्या दोन ओळी तशाच ठेवा, वायफायच्या नावाच्या सगळ्या ओळी पुसा आणि रीबूट करा. पासवर्डही त्या फाइलमध्ये उघडा लिहिलेला असतो, म्हणूनही पुसलेलं बरं. मग "एनएमटीयूआय" चालवा, "अ‍ॅक्टिव्हेट अ कनेक्शन" निवडा, यादीतलं आपलं नाव घ्या, पासवर्ड द्या.

मंद, तुटक, फक्त राऊटरशेजारी

रियलटेकच्या आरटीएल८७२३बीई कार्डाचा एक दोष फार ओळखीचा आहे. राऊटरशेजारी बसलं तर उत्तम, पलीकडच्या खोलीत गेलं की नाव गायब. कार्डाला अँटेनाच्या दोन जागा असतात. कारखान्यात एकाच जागी तार जोडलेली असते, आणि ड्रायव्हर नेमका रिकामी जागा ऐकत बसतो. /ईटीसी/मोडप्रोब.डी मध्ये आरटीएल८७२३बीई.कॉन्फ फाइल करून ही ओळ लिहा:

ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_सेल=२

रीबूट करून पाहा. फरक पडला नाही तर २ च्या जागी १. आकडा जुळला की पलीकडच्या खोलीतही नावं भरभर दिसायला लागतात, त्यामुळे योग्य आकडा ओळखणं अवघड जात नाही.

आरटीएल८८२१सीई काही लॅपटॉपवर मधूनच गोठतं. तिथे त्याच फोल्डरमध्ये "ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=१" ही ओळ उपयोगी पडते. बॅटरी थोडी जास्त जाते, पण जोडणी टिकते.

दर काही मिनिटांनी जोडणी ढेपाळत असेल, कुठल्याही कंपनीचं कार्ड असो, वीजबचत बंद करून पाहा. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये एका फाइलीत लिहा:

[कनेक्शन]
वायफाय.पॉवरसेव्ह=२

इथे २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू. आकडे उलटे वाटतात, म्हणून चूक होते.

शेजारच्या फोनला नेटवर्क दिसतं आणि लॅपटॉपला नाही, तर राऊटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनलवर असेल. कार्डाला आपण कोणत्या देशात आहोत हे ठाऊक नसलं की ते या चॅनलवर स्वतः हाक मारत नाही, नुसतं ऐकत राहतं. "सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन" करा; आयएन ही दोन अक्षरं मोठ्या लिपीत. परदेशात असाल तर तिथला देशकोड द्या, भारताचा नको, कारण चॅनलचे नियम देशागणिक बदलतात. राऊटरचं पान उघडता येत असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ वर आणून ठेवणं सगळ्यात सोपं.

कार्ड बदलणं

डब्ल्यूएलवर चालणारं कार्ड असेल आणि लॅपटॉप अजून काही वर्षं वापरायचा असेल, तर आमचा स्पष्ट सल्ला आहे की कार्डच बदला. २०१५ च्या ड्रायव्हरला प्रत्येक नव्या कर्नलबरोबर सांभाळत बसण्यापेक्षा वीस मिनिटांचं स्क्रूड्रायव्हरचं काम परवडतं. वापरलेली कार्डं पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुने लॅपटॉप सोडवणाऱ्यांकडे मिळतात. जाताना जुनं कार्ड काढून खिशात न्या म्हणजे आकार चुकणार नाही.

आकार दोन. साधारण २०१४ च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्सप्रेस, नंतरच्यात एम.२ चं २२३० मापाचं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० लांब. दोघांची अँटेनाची टोकंही वेगळी असतात. एम.२ ची टोकं लहान, मिनी कार्डाच्या तारा त्यांवर बसत नाहीत. इंटेलचं कार्ड घेताना नंबर नीट वाचा. एएक्स२०० आणि एएक्स२१० कुठल्याही एम.२ यंत्रात चालतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, पण त्यांचा अर्धा मेंदू इंटेलच्या चिपसेटमध्ये असतो. एएमडीच्या किंवा जुन्या यंत्रात ती मुळीच चालणार नाहीत.

विकत घेण्याआधी बायोसमध्ये परवानगीची यादी आहे का ते आपल्या मॉडेलचं नाव घालून शोधा. काही जुन्या व्यावसायिक लॅपटॉपमध्ये यादीबाहेरचं कार्ड लावलं की यंत्र सुरूच होत नाही, पडद्यावर संदेश येऊन थांबतं. तसं झालं तर जुनं कार्ड परत लावा, यंत्र पूर्ववत होतं.

बसवताना लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढा. ती आत असेल तर तिचा जोड मदरबोर्डवरून सोडवा. अँटेनाच्या तारा ओढू नका, टोपीच्या कडेखाली नख घालून सरळ वर उचला. कुठली तार कुठे होती याचा आधी फोटो काढा. स्क्रू काढला की कार्ड आपोआप तिरपं वर येतं. नवं कार्डही तसंच तिरपं, सुमारे ३० अंशांत, खाचेत शेवटपर्यंत सरकवा, मग दाबून स्क्रू लावा. तारेची टोपी बोटाने बरोबर मध्यावर धरून दाबा, बारीक "टक" ऐकू येतं. आवाज आला नाही तर टोपी वाकडी आहे. जोर लावलात तर आतली टाचणी वाकते, आणि ती सरळ करणं जवळजवळ अशक्य.

यंत्र चालू झाल्यावर एलएसपीसीआय -एनएनके पुन्हा चालवा, नवा नंबर दिसतो का पाहा, आणि जुनं पॅकेज काढून टाका:

सुडो एपीटी पर्ज ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस

हे काढायचं राहिलं तर त्याची काळी यादी यंत्रात तशीच पडून राहते आणि प्रत्येक कर्नल अपडेटला डीकेएमएस न लागणारा ड्रायव्हर बांधत बसतो.